मग चॅम्पियन कोण?
(२०२५ चं फुटबॉल, डिचोलीच्या बाजूने पाहिलेलं)

गेल्या जुलैतली गोष्ट. शनिवार होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि कॅन्टीनमध्ये आम्ही सहासात जण चहा घेऊन बसलो होतो. मोबाईलवर बातमी वाचून मी सहज विचारलं, "मग आता चॅम्पियन कोण रे?" समोरून लगेच उत्तर आलं, "चेल्सी! झोपला होतास काय?" त्याच आठवड्यात, १३ जुलैला, चेल्सीने क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पॅरिस सेंट जर्मेनला ३-० हरवलं होतं. बार्देशच्या दोस्तांनी लगेच कोल पाल्मरचे दोन गोल कसे झाले ते टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून दाखवायला सुरुवात केली.

मी विचारत होतो ते आय-लीगबद्दल. आदल्या दिवशी, १८ जुलैला, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातून निकाल आला होता की २०२४-२५ च्या आय-लीगचा चॅम्पियन चर्चिल ब्रदर्स नाही, इंटर काशी आहे. तीन महिने आपल्या गोव्याच्या क्लबच्या नावावर असलेलं विजेतेपद कागदावरून पुसलं गेलं, आणि सात जणांपैकी दोघांनाच ते माहीत होतं. त्या दोघांनाही नेमकं काय घडलं ते सांगता येईना. एक म्हणाला, "काहीतरी यलो कार्डाचं लफडं." दुसरा म्हणाला, "नाही रे, कुठल्यातरी फॉरेनरचं." गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं.

मंडळाच्या मॅडमनी ह्या अंकासाठी "काहीतरी वेगळं लिही" म्हटलं तेव्हा मला हाच विषय आठवला. वर्षभराचं फुटबॉल लिहायचं, जगाचे चॅम्पियन आणि बदललेले कोच सांगायचे, पण मधोमध हा आपला गुंता ठेवायचा आणि तो सोडवून दाखवायचा.

आधी जगाचं पटकन सांगून टाकतो, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल जिंकलं. क्लॉप गेल्यावर आता ह्यांचं काय होणार म्हणून सगळे काळजीत होते, आणि नवा कोच आर्ने स्लॉट पहिल्याच वर्षी लीग घेऊन मोकळा झाला. स्पेनमध्ये हान्सी फ्लिकचं बार्सिलोना, जर्मनीत कोंपनीचं बायर्न. ३१ मे रोजी म्युनिकमध्ये पॅरिसने इंटर मिलानला ५-० असं धुतलं आणि पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. हरलेल्या इंटरचा कोच सिमोने इंझागी काही दिवसांतच सौदीच्या अल हिलालला गेला. रियाल माद्रिद सोडून आन्चेलोत्ती ब्राझीलचा कोच झाला, त्याच्या जागी शाबी अलोन्सो आला, आणि २०२६ च्या जानेवारीत तोही गेला. कोच बदलण्याचा सगळ्यात कडू किस्सा टॉटनहॅमचा. २१ मे रोजी पोस्टेकोग्लूने त्यांना युरोपा लीग मिळवून दिली, २००८ नंतरचा पहिला करंडक. ६ जूनला त्याला काढलं. सोळा दिवस! पुढे सप्टेंबरात तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला आणि तिथून चाळीस दिवसही न भरता बाहेर पडला.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना अजून लिस्बनचे निकाल लागतात, म्हणून पोर्तुगालचंही सांगतो. स्पोर्टिंगने एका मोसमात तीन कोच पाहिले (आमोरिम मँचेस्टरला गेला, मग पेरेरा, मग रुई बोर्जेस) आणि तरीही बेन्फिकाला मागे टाकून लीग जिंकली. जूनमध्ये पोर्तुगालने स्पेनला पेनल्टीवर हरवून नेशन्स लीग घेतली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच ३ जुलैला दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ अपघातात गेले.

ह्या सगळ्यात मला इथे लागणारी गोष्ट इटलीची आहे. तिथे नापोली ८२ गुणांवर चॅम्पियन झालं आणि इंटर ८१ वर राहिलं. एका गुणाचा फरक. २३ मे रोजी शेवटची शिट्टी वाजली तेव्हा नेपल्सच्या रस्त्यावर दारूकाम सुरू झालं आणि विषय संपला. कुणी वकील लावला नाही.

आता आपल्याकडे या.

६ एप्रिल २०२५, रविवार. त्या दिवशी रामनवमी होती, आमच्याकडे देवळात पालखी होती, आणि मी खांबाला टेकून एका कानात इयरफोन घालून उभा होतो. त्या एका दिवशी गोव्याचे दोन क्लब दोन वेगळ्या लीगमध्ये निकालाच्या उंबरठ्यावर होते. श्रीनगरात चर्चिल ब्रदर्सचा रियल काश्मीरशी आय-लीगचा शेवटचा सामना, आणि रात्री फातोर्ड्याला एफसी गोवाची बेंगळुरूशी आयएसएलची सेमीफायनल, दुसरा लेग.

चर्चिलने १-१ बरोबरी केली. बावीस सामन्यांतून ४० गुण. तिकडे कल्याणीत इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ हरवलं, त्यांचे झाले ३९. नापोली-इंटरसारखाच एका गुणाचा फरक. पण शिट्टी वाजल्यावर चर्चिलचे खेळाडू नाचू शकले नाहीत, कारण जानेवारीतल्या एका सामन्याचा निकाल एप्रिलमध्येही लागायचा होता.

हा गुंता दोन धाग्यांचा आहे. एकेक ओढू.

पहिला धागा पिवळ्या कार्डाचा. १३ जानेवारीला पंजाबच्या नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलं. काशीने तक्रार केली की नामधारीचा एक ब्राझिलियन खेळाडू पिवळी कार्डं साठल्यामुळे त्या सामन्यासाठी बंदीवर होता, तरी त्याला खेळवलं. हे आपल्या गावच्या टूर्नामेंटमध्येही घडतं. बंदीवरचा पोरगा मोठ्या भावाच्या नावावर उतरतो. नियम जगभर जवळपास सारखाच आहे : अपात्र खेळाडू उतरवलात तर मैदानावरचा निकाल रद्द, समोरच्याला ३-० विजय. फेडरेशनच्या शिस्तपालन समितीने फेब्रुवारीत तेच केलं, सामना काशीला दिला. नामधारी अपील समितीकडे गेलं. तिने आधी त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि १८ एप्रिलला, म्हणजे लीग संपून बारा दिवस झाल्यावर, निर्णयच उलटा फिरवला. मैदानावरचा २-० कायम. मग काशी ३९ वर राहिली, चर्चिल ४० वर, आणि फेडरेशनने चर्चिलला विजेता जाहीर केलं.

हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. त्या एका सामन्याचे तीन गुण काशीला मिळाले असते तर ३९ चे ४२ झाले असते. अख्खी लीग एका खेळाडूच्या कार्डावर लटकलेली.

काशी लोझानला गेली. तिथे क्रीडा लवाद न्यायालय आहे, सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी 'कॅस' म्हणतात. १९८४ साली ते स्थापन झालं. खेळातल्या भांडणांचं सगळ्यात वरचं कोर्ट म्हणा. आपल्या देशातल्या फेडरेशनचा निर्णय पटला नाही तर तिथे जाता येतं, आणि तिथे जे ठरतं ते फेडरेशनला पाळावं लागतं. एप्रिलच्या शेवटी कॅसने अंतरिम आदेश दिला : प्रकरण चालू आहे तोवर विजेता घोषित करू नका, समारंभ करू नका. पण त्याच सुमारास इथे गोव्यात करंडक देऊन झालेला होता. पदकं गळ्यात, फोटो पेपरात. मी तो फोटो स्टेटसला ठेवला होता, हे कबूल करतो.

दुसरा धागा परदेशी खेळाडूचा. मारियो बार्को हा काशीचा स्पॅनिश फॉरवर्ड. तो जखमी झाला म्हणून क्लबने त्याचं नाव यादीतून काढलं, दुसरा घेतला. नंतर बरा झाल्यावर त्याला पुन्हा नोंदवलं. एकदा काढलेला खेळाडू त्याच मोसमात परत घेता येतो का? चर्चिल, नामधारी आणि रियल काश्मीर ह्या तिन्ही क्लबांचं म्हणणं, नाही. अपील समितीने त्यांची बाजू धरली. पण फेडरेशनच्याच यंत्रणेने ती नोंदणी स्वीकारली होती आणि बार्को सामने खेळलाही होता. म्हणजे आधी दार उघडून आत घेतलं आणि जेवून झाल्यावर विचारलं, तुला बोलावलं कुणी?

कॅसने जूनमध्ये नामधारीचं प्रकरण काशीच्या बाजूने निकालात काढलं आणि १८ जुलैला बार्कोचंही. काशी ४२, चर्चिल ४०. फेडरेशनला आदेश : इंटर काशीला ताबडतोब विजेता जाहीर करा.

मी गोव्याचा आहे, मला वाईट वाटायचं ते वाटलं. पण ही दोन्ही प्रकरणं नीट वाचल्यावर चर्चिलवर अन्याय झाला असं मला म्हणवत नाही. बंदीवरचा खेळाडू उतरवला तर सामना जातो, ह्यात वाद घालायला जागा फार थोडी. चर्चिलच्या पोरांची चूक एवढीच की ते त्यांचे बावीस सामने खेळले आणि टेबल खरं मानून बसले. चूक वेळेची आहे. जानेवारीतल्या सामन्याचा निकाल जुलैत लागतो, आणि दोन समित्या एकाच कागदावरून दोन विरुद्ध उत्तरं काढतात, हे खेळाडूंचं पाप नव्हे.

युरोपात अशी भांडणं होत नाहीत असं नाही हं. ह्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, त्यांच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. त्यावर त्यांना युरोपा लीगमध्ये जागा मिळाली. पण एकाच मालकाचे पैसे पॅलेस आणि फ्रान्सचं लियों अशा दोन क्लबांत होते, म्हणून युएफाने त्यांना खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. पॅलेसही त्याच लोझानच्या कोर्टात गेलं आणि ११ ऑगस्टला हरलं. मात्र तिथे भांडण होतं पुढच्या मोसमात कुठे खेळायचं ह्याचं, आणि मोसम ऐन सुरू होण्याआधी ते संपलं. कपवर कुणी हात ठेवला नाही.

"पण आय-लीग म्हणजे दुसरा दर्जा, एवढं मनाला काय लावून घ्यायचं?" असं मला कॅन्टीनमध्येच विचारलं गेलं. कारण सांगतो. २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता आयएसएलमध्ये जातो. पहिल्या वर्षी पंजाब गेलं, दुसऱ्या वर्षी मोहम्मडन. चर्चिलचे ४० गुण पुरले असते तर एफसी गोवासोबत गोव्याचा दुसरा क्लब वरच्या लीगमध्ये असता. सासष्टीचा जुना क्लब, १९८८ पासूनचा, आपल्या घरच्या मैदानावर मोहन बागानला बोलावतोय असं चित्र. त्या चित्राची किंमत दोन गुण.

आणि गोव्याचे क्लब वर का नाहीत, हा प्रश्न मला डिचोलीचा म्हणून जास्त लागतो. आय-लीग २००७-०८ ला सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांचे विजेते बघा : डेंपो, चर्चिल, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल. सहाच्या सहा गोव्याचे! कोलकात्याला एकही मिळाली नाही. आर्मांदो कुलासोंच्या डेंपोने त्याआधीच्या राष्ट्रीय लीगच्या दोन धरून एकूण पाच वेळा देश जिंकला.

आता ही नावं आमच्या तालुक्यात फुटबॉलमुळे नव्हे, खाणीमुळे माहीत. डेंपो, साळगावकर, सेझा. डिचोली, मये, शिरगाव, साखळी ह्या पट्ट्यातली लाल माती बार्जमधून गेली तेव्हा त्या पैशातला एक छोटा ओहोळ मडगाव-पणजीच्या मैदानांकडेही वळला. सेझाची फुटबॉल अकादमी तर १९९९ साली साखळीलाच निघाली. माझ्या बाबांचा ट्रक होता. आमच्या वाड्यावर चार ट्रक होते आणि एकही फुटबॉल नव्हता. आम्ही टेनिस बॉलचं क्रिकेट खेळणारी पोरं. फुटबॉल म्हणजे सासष्टीचा, ख्रिस्ती लोकांचा खेळ, अशी आमच्याकडे समजूत. खेळाला धर्म नसतो वगैरे मी लिहिणार नाही, समजूत होती ती होती. पण डेंपो चॅम्पियन झाल्याचं बाबा मोठ्या तोऱ्यात सांगायचे, जणू ट्रकमधून त्यांनीच करंडक वाहून नेला.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लीजच रद्द केल्या. फुटबॉलचं मात्र फक्त खाणीमुळे बिघडलं असं म्हणणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. डेंपोंनी आपला खाण धंदा २००९ मध्येच सेझाला विकला होता, आणि त्यानंतरही क्लब दोनदा चॅम्पियन झाला. खरा घाव २०१६ चा. फेडरेशनने आयएसएलला देशाची मुख्य लीग करायचा आराखडा मांडला. त्या लीगमध्ये शिरायला मैदानावर जिंकून उपयोग नव्हता, फ्रँचायझी घ्यावी लागत होती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो तिघेही निषेध करून राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. डेंपो तर त्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून वर आलेला होता. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, तो समीर नाईकच्या हाताखाली खालून चढत आय-लीगमध्ये परतला. म्हणजे २०२४-२५ च्या मोसमात गोव्याचे दोन जुने क्लब पुन्हा त्या लीगमध्ये होते आणि त्यांतला एक पहिला आला होता. म्हणून मला ते दोन गुण विसरता येत नाहीत.

६ एप्रिलच्या रात्रीकडे परत जातो, कारण कोचांची गोष्ट तिथेच आहे. पहिला लेग बेंगळुरूने २-० जिंकला होता. फातोर्ड्याला बोर्हा हेरेराने ४९ व्या मिनिटाला आणि सादिकूने ८८ व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. जादा वेळ दिसत होता. आणि ९२ व्या मिनिटाला सुनील छेत्रीने हेडर मारला. गोवा बाहेर.

ह्यात मेख अशी की एफसी गोवाचा कोच मानोलो मार्केस त्याच वेळी भारताचाही कोच होता. २०२४ च्या जुलैत फेडरेशनने त्याला नेमलं ते "एक वर्ष क्लबही सांभाळ" असं सांगूनच. आणि निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्चमध्ये भारतासाठी परत बोलावणारा हाच मानोलो. चाळिशीच्या माणसाला त्यानेच पुन्हा बूट घालायला लावले आणि महिनाभरात त्या माणसाने त्याचाच क्लब बाहेर काढला. नाटकात असं लिहिलं तर आमच्या गावचे प्रेक्षक म्हणतील, कायच्या काय.

एक माणूस दोन खुर्च्यांवर बसला की काय होतं ते पुढे दिसलं. क्लबचं छान झालं : ३ मे रोजी भुवनेश्वरला गोवाने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला. भारताचं वाईट झालं : मानोलोच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. १० जूनला हाँगकाँगमध्ये ०-१ हरल्यावर २ जुलैला फेडरेशन आणि तो वेगळे झाले. तो गोव्यातच राहिला. मला विचाराल तर दोष एकट्या मानोलोचा नव्हे. देशाचा कोच क्लबच्या वेळेतून वेळ काढून नेमायचा, ही कल्पनाच उसनवारीची.

त्याच्या जागी १ ऑगस्टला खालिद जमील आला. सुपर कप फायनलला जमशेदपूरच्या बाजूला उभा होता तोच. २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐजॉलला आय-लीग जिंकून देणारा. त्याच्याआधी भारताला पूर्ण वेळ भारतीय कोच होता तो २०११-१२ मध्ये, आणि तो आपल्या गोव्याचा, साव्हियो मेदेरा. खालिदने सुरुवात झकास केली, सप्टेंबरात ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा नंबर काढला. मग १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूर. छांगतेने लवकर गोल केला, सिंगापूरने दोन परतवले, १-२. २०२७ च्या आशिया कपचं दार आपल्याच मैदानावर बंद झालं.

त्यानंतर आठच दिवसांनी त्याच मैदानावर अल नासर. सुपर कप जिंकल्यामुळे एफसी गोवाला आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी मिळाली होती, ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ हरवून ते गटात पोचले आणि चिठ्ठीत नाव आलं रोनाल्डोच्या क्लबचं. अख्ख्या गोव्यात दोन महिने एकच प्रश्न : तो येणार काय? तो आला नाही. २२ ऑक्टोबरला पाडवा होता. आमच्याकडे गोरवांचा पाडवा असतो, सकाळी गोठ्यात पूजा, पोळे, गळ्यात माळा. ती आटपून आम्ही चौघे एका जुन्या व्हॅनमधून निघालो. पेडण्याहून फातोर्डा म्हणजे साठेक किलोमीटर, आणि रात्री सामना सुटल्यावर उत्तरेकडे परतायला बस नाही, त्यामुळे व्हॅनशिवाय इलाज नव्हता. सत्तावीस मिनिटांत दोन गोल खाल्ले. पण ४१ व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने एक परतवला आणि मी शेजारच्या अनोळखी आजोबांच्या गळ्यात पडलो. १-२ हरलो. गटातले सहाही सामने गोवा हरला, हेही लिहायला हवं.

व्हॅनमध्ये माझा पेडण्याचा दोस्त होता, त्याच्याबद्दल थोडं. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री तब्येत सुधारायला शिवोलीला आले आणि त्यांनी गोव्याला फुटबॉल शिकवला असं मानतात. शिवोलीसमोर शापोरा नदी, पलीकडे चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. माझा दोस्त म्हणतो, "बॉल एकशे चाळीस वर्षांत नदी ओलांडून आमच्याकडे आला नाही, म्हणून मी पुलावरून त्याच्याकडे जातो." राईट बॅक आहे, आमच्या कॉलेज टीमचा. धुळेरच्या मैदानावर त्याला खेळताना पाहून एका क्लबने ट्रायलला बोलावलं होतं. ऑगस्टमध्ये. जुलैच्या शेवटी निरोप आला, ट्रायल पुढे ढकलली, नवी तारीख कळवू.

कारण लीगच थांबली होती. २०१० मध्ये फेडरेशनने देशाच्या फुटबॉलचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी रिलायन्सच्या कंपनीला दिले, वर्षाला ५० कोटी रुपयांवर. आयएसएल चालवायची तीच कंपनी. करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि मोसम त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. पुढचं ठरल्याशिवाय मोसम सुरू कसा करू म्हणून कंपनीने ११ जुलैला मोसम स्थगित केला. फेडरेशनला नवा करार करता येईना, कारण तिच्या घटनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात; तो निकाल १९ सप्टेंबरला आला. मग टेंडर काढलं, आणि नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही बोली आली नव्हती. ऑगस्टमध्ये बेंगळुरूने खेळाडूंचे पगार थांबवले. मोठ्या क्लबचं असं, तर ट्रायलच्या पोरांना कोण विचारतो?

म्हणून वर्षाचा शेवट चमत्कारिक झाला. ७ डिसेंबरला फातोर्ड्याला सुपर कपची फायनल, ईस्ट बंगालशी ०-०, पेनल्टीवर ६-५. एफसी गोवाने एका कॅलेंडर वर्षात दोनदा सुपर कप जिंकला. दुसऱ्या दिवशी करार संपला आणि देशाच्या चॅम्पियन क्लबला पुढचा लीग सामना कधी ते माहीत नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी इस्तिक्लोलविरुद्ध किकऑफ झाल्यावर गोवाचे खेळाडू काही क्षण जागच्या जागी उभे राहिले. बॉल समोर आणि कुणी हलत नाही.

जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीला सुरू होणार, चौदा क्लब, छोटा मोसम. चौदावा क्लब इंटर काशी.

ती बातमी मीच दोस्ताला दाखवली. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, काशीच्या नावापाशी बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे आपलं होतं." मी त्याला पुन्हा नामधारी, बार्को, ३-० सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मोपाच्या विमानतळावर शिफ्टची नोकरी सांगून आली आहे, घरचे मागे लागलेत, त्याने महिन्याची मुदत मागितली आहे. ट्रायलचा निरोप अजून यायचा आहे. बूट त्याने व्हॅनमध्येच ठेवलेत, कधी फोन आला तर घरी जाऊन आणायला नको म्हणून.